डाग पडले, उतरवा

"साकु!" बसव्वा कानडीत ओरडली. "पुरे झालं म्हणजे पुरे झालं."

"अव्वा, डॉक्टरांनी पंचवीस सांगितलेत. अठरा झालेत. सात राहिलेत."

"त्यांना काय जातंय सांगायला! छाती बघितलीस माझी? डाग पडलेत. डाग पडले की भाकरी उतरवायची असती."

"तू भाकरी न्हाईस!"

"मग शेक कशाला म्हणतात त्याला?"

सिद्धेश्वरीनं कपाळावर हात मारला. गेले तीन आठवडे या एका शब्दापाशी गाडी अडत होती. आईचं, बसव्वाचं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं होतं, "आता छातीला मशीननं शेक द्यायचाय, मावशी." रेडिएशनला तिथं सगळे शेकच म्हणतात. पण शेकाबद्दल बसव्वाला कुणी काही सांगावं?

अक्कलकोट रोडच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं तिच्या हातची कडक भाकरी विकली जाते. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठीची चारच वाक्यं यायची. हसणं, रडणं, भांडण सगळं कानडीत. नवरा चन्नप्पा मागावर चादरी विणायचा. तो गेला तेव्हा सिद्धेश्वरी पाळण्यात होती. तवा चढला तो तेव्हापासून. बसव्वाची भाकरी कागदासारखी पातळ, नखानं टिचकी मारली की टण्ण वाजणारी. न वाजणारी गिऱ्हाइकाला दिसतही नाही.

अशी बाई पहिल्या दिवशी मशीनवरून उठली आणि टेक्निशियनला म्हणाली, "चालूच झालं न्हाय ओ तुमचं. गार हाय की!" त्याच दिवशी गळ्यातलं इष्टलिंग मशीनखाली जाताना काढायचं की नाही यावरून अर्धा तास वाद. लहानपणी दीक्षेत बांधलेलं, कधी न उतरवलेलं. शेवटी तिनं लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट लेकीच्या तळहातावर ठेवली आणि बजावलं, "खाली ठिवायचं न्हाय." मग रोजचंच झालं. आत जायच्या आधी डबी लेकीच्या हातात, बाहेर आल्यावर गळ्यात. दहाव्या दिवशी टेक्निशियनला नवीन प्रश्न, "आता पालथी झोपू का? एकाच अंगानं किती शेकताय?" तो हसला. सिद्धेश्वरीला हसू आलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून रांगेतल्या दोन बायका तेच विचारायला लागल्या.

मग कातडी लालसर झाली, काळवंडली, काखेत सोलवटली. गळ्याच्या हाडाजवळही शेक होता, त्यामुळं घास उतरेना. शेंगा चटणीशी कडक भाकरी कडाकडा मोडून खाणारी बाई गार आंबील चमच्यानं घ्यायला लागली, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत. दुपारी परातीवरच डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शेक संपल्यावर काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं; पण तिथं धग लागू देऊ नका, आम्ही दिलेल्या मलमाशिवाय काही लावू नका.

"आणि हे काय?" सिद्धेश्वरीनं आईच्या झंपरावरच्या तेलकट डागाकडं बोट केलं. "तूप लावलंस?"

"भाजल्यावर तूपच लावतात."

"काही लावायचं न्हाय म्हणाले होते की! आणि परत तव्यापुढं बसलीस?"

"डॉक्टरचा शेक चालतोय, माझ्या तव्याचा चालत न्हाय? लई भारी की!"

बाहेर भीमाशंकरनं रिक्षाचा हॉर्न दाबला. रोज तोच त्यांना दवाखान्यात न्यायचा. "अक्का, येताय न्हवं? नंबर जाईल!"

"जा म्हणावं त्याला."

"अव्वा, मी टॉवेलच्या कारखान्यात रोज अर्धी सुट्टी मागतेय. सुपरवायझर आता माझं तोंडसुद्धा बघत न्हाय. थांबायचं असंल तर डॉक्टर थांबवतील. तू कोण ठरवणार?"

"मी कोण? छाती कुणाची हाय?"

सिद्धेश्वरीनं मलमाची ट्यूब आईपुढं सरकवली.

"अजून सात दिलं तर करपंल," बसव्वा हळू आवाजात म्हणाली. "करपलेलं सुधरत न्हाय, सिद्धू. मला म्हाईत हाय."

"भ्या वाटतंय म्हण की सरळ."

"भ्या? मला?" तिनं उलथनं आपटलं. "तुझा बाप गेला तेव्हा वाटलं न्हाय, आता वाटंल?"

पुन्हा हॉर्न. सिद्धेश्वरी वैतागून उठली आणि पाय लागून तव्याशेजारची टोपली कलंडली. पाच-सहा भाकऱ्या वेगळ्या काढलेल्या होत्या. तिनं एक उचलली. दोन्ही बाजूंनी छान डाग पडलेले.

"ह्या का बाजूला काढल्यास?"

"वाजत न्हाईत."

"डाग तर पडलेत."

"डागाला काय चाटायचंय? आत ओल हाय तिच्या. चौथ्या दिवशी बुरसंल. मंद आचंवर परत ठिवायची, वाजंपर्यंत. तीस वर्षं काय बघितलंस गं तू?"

"हेच बघितलं." सिद्धेश्वरीनं भाकरीवर टिचकी मारली. थप्प. "मग तुझ्या आत किती ओल राहिलीय, ते वरच्या डागावरनं तुला कसं कळलं?"

बसव्वानं तिच्याकडं बघितलं. मग भाकरीकडं. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला.

"सांग की, अव्वा. कसं कळलं?"

बसव्वानं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, दुखऱ्या बाजूचा हात जपत दोरा मानेवरून काढला, चांदीची डबी लेकीच्या मोकळ्या तळहातावर ठेवली आणि चपला सरकवून दाराबाहेर पडली.