पुरीरीचा शेंडा

हिल्सबरोच्या घरामागे पुरीरी लावते म्हटल्यावर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. लिंबू लाव, फिजोआसारखं फळझाड लाव, एवढं अवाढव्य झाड कशाला? पुरीरी इथलं अस्सल झाड. लाकूड इतकं टणक की जुने गोरे त्याला न्यूझीलंडचा ओक म्हणत. पान मात्र थेट आपल्या निर्गुडीसारखं, भाऊबंदच तिचं. ते साल २०१३. घटस्फोट होऊन नवरा सिडनीला निघून गेला होता, आणि माझ्यानंतरही शेकडो वर्षं उभं राहील असं काहीतरी मला माझ्या हाताने लावायचं होतं.

नर्सरीवाल्याने एकच बजावलं. मोठा वृक्ष हवा असेल तर एकच शेंडा सरळ वर जाऊ दे, दुसरा स्पर्धेला आला की छाट. मी ते इमानेइतबारे केलं. वाऱ्याने कलू नये म्हणून खुंट ठोकले, मऊ पट्ट्या बांधल्या, दरवर्षी त्या सैल केल्या. चार-पाच वर्षांत झाड माझ्या डोक्यावर गेलं.

मग एका वटपौर्णिमेला ताईंचा फोन आला. ताई म्हणजे आमच्या मराठी मंडळात सगळं ठरवणाऱ्या बाई. आमच्या बाजूला वड नाही, आणि जूनच्या थंडीत बाकीच्या झाडांचे खराटे झालेले.

"तुझं झाड हिरवंगार आहे ना गं? आम्ही दहा-बारा जणी येऊन दोरा गुंडाळतो. तू जॉबला असलीस तरी चालेल, फक्त साइड गेट उघडं ठेव."

तूही ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. नवरा सोडून गेलेल्या बाईचं झाड चालतं, बाई चालत नाही. मी ते गिळलं. म्हटलं, "या, पण काही तोडू नका."

"स्वीट अ‍ॅज," ताई इथल्या ढंगात म्हणाल्या. म्हणजे, काही काळजी नको.

संध्याकाळी घरी आले तर बुंध्याला दोरा, मातीत हळदकुंकू, आणि वर शेंडाच नाही. वाकवून मोडला होता. खाली हातभर साल सोलून लोंबत होती, बुंधा उभा चिरला होता. आता सरळसोट वृक्ष व्हायचा नव्हता, तिथून फाटे फुटून नुसतं झुडूप वाढणार होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईंना फोन लावला.

"ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी फांद्या घेतल्या गं," त्या म्हणाल्या. "पुण्यात नाही का आपण फांदी आणून पूजा करत? तुझ्या झाडाला हीप्स आहेत की, ढिगाने."

तशीच गाडी काढून न्यू लिनला त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये पाच-सहा जणी नटूनथटून बसल्या होत्या. मधोमध पाटावर तांब्या, आणि तांब्यात माझा शेंडा, कुंकवाने माखलेला. मी तो उचलला.

"अगं, पूजेतलं असं उचलू नये," ताई म्हणाल्या.

"आणि बजावलेलं असताना तोडावं? सात जन्मांचं मागत बसता, आणि झाडाला एक जन्म धड जगू देत नाही."

बोलता बोलता मला रडू फुटलं. रागाने मी अशीच रडते, लहानपणापासून. ताई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझं दुःख कळतं गं आम्हाला. या सणाला आठवण येणारच त्याची."

"त्याची नाही," मी ओरडले. "मी झाडासाठी रडतेय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. एकीने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.