सप्रेम भेटीचा शिक्का

त्या वर्षी आठ जानेवारीला सकाळी मी पदर खोचून मागच्या खोलीत शिरले. काम साधं होतं. खोलीतले पुस्तकांचे गठ्ठे हलवायचे आणि खोली राहण्याजोगी करायची. माझ्या मुलीला सातवा महिना लागला होता आणि रथसप्तमी झाली की ती पहिल्या बाळंतपणाला नाशिकहून आमच्याकडं येणार होती. घराला खोल्या तीन. पुढची येणाऱ्याजाणाऱ्यांची, मधली आमची, आणि मागची, जिथं तिचा पलंग लागायला हवा होता, तिथं मी लिहिलेल्या पुस्तकाच्या जवळजवळ चारशे प्रती भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अर्धा तास गठ्ठे इकडचे तिकडं केल्यावर लक्षात आलं की हलवायला जागाच नाही. माळ्यावर गाद्या, जिन्याखाली धान्याच्या कोठ्या, गच्चीवर ठेवावेत तर कबुतरं. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता.

"रद्दीवाला बोलवू का?" तो म्हणाला. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. पाटबंधारे खात्यात त्याची हयात गेली. साठलेलं पाणी सोडायचं कधी हे त्याला कळतं.

"रथसप्तमीपर्यंत थांबा. तोवर गेली नाहीत तर मीच बोलवीन."

"लिहून दे."

"लिहिलेलंच तर पडलंय इथं."

तो हसला आणि गेला. मला हसू आलं नाही, कारण मी बोलते तसं करते हे मला माहीत होतं.

मी तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका होते. गंगापूर, कन्नड, वैजापूरकडच्या खेड्यांतल्या मुली शिकायला शहरात येत आणि आमच्याकडं राहत. बावीस वर्षांत जे पाहिलं ते मी लिहून काढलं. पत्र्याच्या ट्रंका, घरून येणारे लाडवांचे डबे, परीक्षेच्या आदल्या दिवशी येणारे ताप, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून अर्ध्या वर्षातून घरी नेलेल्या मुली आणि त्यांतल्या भांडून परत आलेल्या दोघी. पुण्याच्या दोन प्रकाशकांना पाठवलं. एकानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, मजकूर चांगला आहे, पण आपलं नाव वाचकांना परिचित नाही. ते खरंच होतं. मग मी शहागंजातल्या एका छापखान्यात जाऊन पाचशे प्रती छापून घेतल्या.

छपाई उत्तम झाली. घोटाळा त्यानंतरचा आणि सगळा माझा.

वसतिगृहात एक नियम मी पहिल्या वर्षापासून पाळला होता. नवी वस्तू आली की वापरायच्या आधी तिच्यावर शिक्का. ताटं, बादल्या, सतरंज्या, ग्रंथालयातली पुस्तकं, सगळ्यांवर. शिक्का नसलेली वस्तू महिनाभरात नाहीशी होते, हा माझा अनुभव. आता पुस्तकाचं प्रकाशन ठरलेलं, पाहुण्यांना प्रती द्याव्या लागणार, आणि प्रत्येकीवर 'सप्रेम भेट' लिहीत कोण बसणार? मी पैठणगेटजवळ शिक्का बनवून घेतला. वर 'सप्रेम भेट', खाली ठिपक्यांची एक ओळ. त्या ओळीवर पाहुण्याचं नाव घालायचं. गठ्ठे घरी आले त्या दुपारी मी आणि माझी जाऊ जमिनीवर बसलो. ती पान उघडायची, मी शिक्का मारायचे. पाहुणे साठ होते. पण हात बसला होता, शाई ओली होती, आणि काम अर्धवट सोडायची सवय आम्हा दोघींनाही नाही. संध्याकाळी पाचला पाचशेच्या पाचशे प्रतींवर शिक्का होता. जावेनं बोटं पुसत विचारलं, "आणखी आहेत का?"

प्रकाशन छान झालं. शाल, नारळ, भाषणं, साठांच्या जागी नव्वद प्रती.

पुढच्या महिन्यात गंगापूरला शिक्षकांचा मेळावा होता. मी वीस प्रती पिशवीत घालून एसटीनं गेले आणि चहाच्या टेबलाशेजारी मांडून बसले. पहिल्या पंधरा मिनिटांत अकरा गेल्या. लोक येत, पुस्तक उचलत, पहिलं पान उघडत, त्यांचा चेहरा फुलायचा, मला हात जोडून "आभारी आहे, मॅडम" म्हणत आणि पुस्तक काखेत मारून निघून जात. बारावे एक मुख्याध्यापक होते, त्यांना मी अडवलं.

"सर, हे विकायला ठेवलंय."

त्यांनी पान उघडून माझ्यापुढं धरलं. "मॅडम, तुम्हीच सप्रेम भेट म्हणता. नाही म्हटलं तर बरं दिसतं का?" आणि तेही घेऊन गेले.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तरी मी दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन माणूस. त्यानं पाच-सहा पानं उभ्याउभ्या वाचली, एकदा हसला, आणि मग पहिल्या पानावर आला.

"बाई, हे मी विकू कसं? गिऱ्हाईक म्हणेल, कुणाची तरी भेट आलेली पुस्तकं दुकानात आणून ठेवलीत."

"वर पांढरी शाई लावते."

"मग चोरीचं वाटेल."

घरी येऊन सगळे उपाय करून पाहिले. कागदाची पट्टी चिकटवली. पानाला जखम झाल्यासारखी दिसली. पट्टी ओली असताना पुस्तक मिटलं तर दोन पानं एकमेकांना चिकटली. एका प्रतीचं पानच फाडलं, तर शिवणीतून त्याचं जोडपान सुटून हातात आलं आणि त्या पुस्तकात एका मुलीचा ताप चढलेला राहिला, उतरलेला कळेना. मी ब्लेड खाली ठेवलं. प्रती मागच्या खोलीत लावल्या, वर जुनी चादर टाकली आणि सात-आठ महिने तिकडं फक्त केर काढायला गेले. कुणी विचारलं की "चाललंय" म्हणायचे.

तर आठ जानेवारीला ती चादर काढली आणि नऊ तारखेला आमच्या वसतिगृहातली एक जुनी मुलगी दारात उभी राहिली. मुलगी म्हणायची सवय. आता ती चाळिशीला आली आहे आणि देवगाव रंगारीला शाळेत शिकवते. दोन्ही हातांत रिकाम्या पिशव्या.

"बाई, शहागंजात चाललेय. संक्रांतीचं वाण घ्यायचंय. म्हटलं आधी तुम्हाला भेटावं."

हळदी-कुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हाती काही तरी वस्तू द्यायची, ते वाण. तिच्याकडं पन्नास-पंचावन्न बायका येतात. चहा घेता घेता ती वैतागली.

"काय द्यावं तेच कळत नाय बाई. गेल्या साली मला सात चाळण्या आल्या. सात! चहा गाळू का पीठ चाळू? त्याच्या आदल्या साली साबणाच्या डब्या. आणि ह्या गठ्ठ्यांत काय हाय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, शिक्क्यासकट. ती लगेच मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं हातात पुस्तक घेऊन बाहेर आली तेव्हा तिचं बोट ठिपक्यांच्या ओळीवर होतं.

"बाई, हितं तर नाव टाकायला जागा बी हाय."

"हो. पाहुण्याचं नाव."

"पाहुण्याचं कशाला? देणारीचं! भांड्यावर नाव घालतो आपण, तसं. सप्रेम भेट, आणि खाली माझं नाव. मला पंचावन्न द्या."

मी तिला वेड्यात काढलं. "वाणात पुस्तक? बाया नाकं मुरडतील."

"चाळणीला मुरडत्यात, तोंडावर बोलत नायत. ह्याला बी मुरडू द्या." मग तिनं माझ्याकडं पाहिलं, पूर्वी खोलीत उशिरा आल्यावर पाहायची तसं. "आणि बाई, यात मी हाय का?"

"आहेस. नाव नाही, पण ओळखशील."

"चांगली का वाईट?"

"भांडून परत आलेली."

ती पिशव्या उघडून उभी राहिली. मी गठ्ठे सोडले. ती पैसे पुढं करत असताना मी म्हटलं, तू विद्यार्थिनी, तुझ्याकडून काय घ्यायचं. तिनं मला चांगलंच सुनावलं. "बाई, वाण फुकट आणलं तर त्याचं पुण्य तुम्हालाच लागंल. मला काय राहील?" मी मुकाट्यानं घेतले.

शहागंजला ती गेलीच नाही. आमच्याच घरातून तिनं चार ठिकाणी फोन लावले. एक कन्नडला तलाठी, एक वैजापूरला नर्स, एक सिडकोत, एक कुठं तरी लासूरकडं. सगळ्या आमच्याच. बावीस वर्षं मी ज्यांना दिवे मालवा म्हणून ओरडले त्या आता आपापल्या घरात हळदी-कुंकू करत होत्या आणि सगळ्यांपुढं तोच प्रश्न होता, यंदा काय द्यायचं. संक्रांतीपासून दारात रिक्षा थांबू लागल्या. मी पुस्तक विकायला म्हणून मेळावे, दुकानं, प्रकाशक धुंडाळले होते. पन्नास पन्नास नग एकदम घेणाऱ्या बायका दर वर्षी याच दिवसांत घाऊक बाजारात हिंडतात, हे मला, दर वर्षी वाण घेऊन येणाऱ्या बाईला, सुचलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं नाही. सिडकोतल्या एका घरी दोघी जणी पुस्तक सोफ्यावरच विसरून गेल्या. जावेच्या माहेरच्या एकीनं स्पष्ट विचारलं, "याच्यासोबत वाटी नाही का?" आणि गंगापूरहून एक जुनी मुलगी आली, तिचं तिथं शिवणकामाचं दुकान आहे. ती म्हणाली, "बाई, हमारे यहाँ तो हळदी-कुंकू नाही, पण आमची भिशी आहे. बारा जणी. शिक्का चालेल ना त्यांना?" म्हटलं, शिक्क्याला काय, तो कुणालाही चालतो. ती एक जादा घेऊन गेली, सासूसाठी.

मला खरा धीर आला तो एका फोननं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझा नंबर होता. कन्नडहून अनोळखी आवाज आला. वाणात मिळालं म्हणाली, दोन दिवसांत वाचलं. मी मनात शब्द जुळवत होते, धन्यवाद वगैरे. ती म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलंय डाळीत अळी निघाली म्हणून मुलींनी ताटं वाजवली. मी होते त्या पंगतीला. अळी डाळीत नव्हती. भेंडीत होती."

"डाळीत होती."

"भेंडीत. मीच काढून तुम्हाला दाखवली."

आम्ही पंधरा मिनिटं भांडलो. फोन ठेवल्यावर मी मधल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पुस्तक कुणी तरी शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, आणि चूक काढण्याइतकं लक्ष देऊन.

रथसप्तमीच्या संध्याकाळी जावेकडंच हळदी-कुंकू होतं. उरलेला शेवटचा गठ्ठा तिकडं गेला. तिनं ठिपक्यांवर स्वतःचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत घातलं की पाहणाऱ्याला पुस्तक तिनंच लिहिलं असं वाटावं. म्हटलं, असू दे. शिक्के मारायची निम्मी मेहनत तिची होती. रिकाम्या खोलीत तीन प्रती राहिल्या. त्यांतली एक ती सुटलेल्या पानाची. नवरा दारात येऊन उभा राहिला, भिंतीकडं बघत.

"रद्दीवाल्याला काय सांगू?"

"वर्तमानपत्रं ने म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिनेल टाकून खोली धुतली. गठ्ठे होते तिथं भिंतीला चौकोनी ओल आली होती, तिच्यावर चुन्याचा हात मारला. पलंग खिडकीजवळ ओढला आणि लंगोट वाळत घालायला दोन भिंतींत खिळे ठोकून दोरी बांधली. मग बाळासाठी आणलेली नवी दुपटी काढली. हात सवयीनं शिक्क्याकडं गेला. शिक्का मी परत डबीत ठेवला, झाकण लावलं आणि दुपटी तशीच, कोरी, घडी करून पलंगावर ठेवली.