उशाखालचा नीलम

निवृत्त झाल्यावर आमच्या बाबांना अचानक हौस सुचली. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून त्यांनी आईसाठी एक जुनी अंगठी आणली. इंग्रजांच्या काळातली, मधोमध करवंदाएवढा नीलम आणि भोवती हिऱ्यांचं कडं. "पार्टीत घालतात असली," बाबा म्हणाले. आमच्या घरची पार्टी म्हणजे रविवारची मिसळ! पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी थट्टा आवरली.

आईनं अंगठी पाहिली आणि हात मागे घेतला. नीलम म्हणजे शनीचा खडा. लाभला तर लाभला, नाहीतर घराची वाट लावतो. आधी उशाखाली ठेवून बघायचा, मगच बोटात घालायचा. तिनं ठेवला. सकाळी दूध उतू गेलं. दुसऱ्या सकाळी पाण्याची मोटार जळाली. "ती महिनाभर कुरकुरत हुतीच की," बाबा हसले. त्याच संध्याकाळी रंकाळ्याजवळ त्यांची स्कूटर घसरली, गुडघा फुटला, आणि निकाल लागला.

अंगठी रुमालात बांधून कपाटात गेली. दर दिवाळीला बाबा म्हणायचे, "आज तरी घाल की. एकदा बघू दे." आई म्हणायची, "गप बसा. शनीशी खेळ न्हाय करायचा." वर शनिवारी मारुतीला तेल वाहून यायची. मला तिचा भयंकर राग यायचा. माणसानं एवढ्या हौसेनं आणलंय, आणि या बाईला आपला खुळेपणा मोठा! शेवटी अंगठी तिच्या बोटात न बघताच बाबा गेले.

परवा मामेबहिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला निघालो, तर आई तीच अंगठी घालून बाहेर आली. बोटं वाळलीत तिची, म्हणून अंगठीला खालून दोरा गुंडाळलेला. मांडवात एक पाहुणी मोठ्यानं म्हणाली, "अक्का, लई भारी हाय की अंगठी!" आईनं हात उन्हात धरून तिला नीट दाखवला. निळं असं लखलखलं की मला भरून आलं. हे बघायला बाबा हवे होते, या विचारानं माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

परतताना गाडीत मी बोललेच. "आई, बाबांसमोर एकदा घातली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

ती बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"तवा ते हुते की," ती म्हणाली. "काय झालं असतं तर त्यांनाच झालं असतं. आता कुणासाठी भ्यायचं?"