कांद्यांच्या माळ्यावरून एक रिस्टोअर

तमाम रसिक, अरसिक आणि केवळ सावलीला टेकलेल्या वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मुंबईतल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं मेलेलं मशीन शहापूर तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या माळ्यावरून, पसरलेल्या कांद्यांच्या आणि एका खुडूक कोंबडीच्या उपस्थितीत पुन्हा उभं करण्यात आलं. हे कार्य पार पाडणारी व्यक्ती त्या वेळी कैदेत होती. ती व्यक्ती म्हणजे मी. टाळ्या नंतर.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. हल्ली कंपन्या आपले महत्त्वाचे संगणक आपल्या ऑफिसात ठेवत नाहीत. कुठल्यातरी दूरच्या थंडगार गोदामातल्या मोठ्या संगणकांच्या पोटात भाड्यानं जागा घेतात आणि तिथे निव्वळ सॉफ्टवेअरनं बनवलेला एक संगणक चालवतात. त्याला ना पडदा, ना प्लग. तरी तो बिलं करतो, ऑर्डरी घेतो आणि अधूनमधून मरतो. त्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन आणि त्या सगळ्या ठिकाणाला क्लाउड. रोज रात्री या मशीनची जशीच्या तशी प्रत आपोआप वेगळी काढून ठेवायची, तो बॅकअप. मशीन मेलं की त्या प्रतीतून पुन्हा उभं करायचं, ते रिस्टोअर. पन्नाशीला टेकलेली मी हेच करते. सासूबाई पाहुण्यांना सांगतात की आमची सून ढगात कामाला आहे, आणि पाहुणे माझ्याकडे जरा सांभाळून बघतात.

पूर्वी यासाठी मी ठाण्याला जायचे. शेणव्याकडच्या आमच्या गावातून आसनगाव, तिथून पुढे, आणि संध्याकाळी सगळं उलटं. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडल्या, नवऱ्याला शेती सोडवेना आणि मला तो प्रवास सोसवेना. तेव्हा साहेबांपुढे मी जो प्रवेश सादर केला त्याला तोड नव्हती. पदर असता तर तोही डोळ्यांना लावला असता. साहेब विरघळले, पण अट घालूनच. ज्या दिवशी एखादं मशीन बंद असेल आणि मी स्क्रीनसमोर नसेन, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ठाण्याला यायचं, रोज, आणि मग पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही.

साहेबांना तेव्हा एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या घरात रेंज फक्त माळ्यावर येते, तीही टोकाच्या झरोक्यापाशी. ओटीवर आणि अंगणात मोबाइल नुसता वेळ दाखवतो. म्हणून माझं ऑफिस माळ्यावर आहे. एका बाजूला कांदे, वर लसणीच्या जुड्या, कोपऱ्यात बियाण्याचं भात, मधोमध मी आणि लॅपटॉप. व्हिडिओवर माझ्या पाठीमागे पुस्तकांचं भलंमोठं कपाट दिसतं. ते खोटं. लॅपटॉपला सांगितलं की तो हवं ते चित्र मागे लावतो. साहेब एकदा म्हणाले होते की मॅडम, तुमचं वाचन दांडगं दिसतंय, आणि मी मान खाली घालून ते कबूल केलं होतं.

त्या दिवशी मे महिना सरत आला होता. गावात पावसाआधी कौलं चाळून नीट बसवायची घाई होती आणि लग्नांचीही. आता आमच्या गावात धड शिडी एकच, आणि ती आमची. आमची म्हणजे ती आमच्या घरात राहते एवढंच. ज्याला लागेल त्यानं न्यावी आणि काम झालं की आणून लावावी. विचारायचं नसतं. विचारलं तर घरातल्यांना राग येतो की आपण एवढे परके कधी झालो.

सकाळीच व्यापाऱ्याच्या ऑर्डरी घेणारं मशीन मेलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या माणसानं त्याच्यावर काहीतरी नवीन चढवलं होतं, आणि सकाळी ते उघडेना. दुकानदारांच्या ऑर्डरी अडकल्या, औषधांच्या गाड्या उभ्या राहिल्या. साहेब, व्यापाऱ्याचा माणूस आणि मी असे तिघं व्हिडिओवर जमलो. कानाला हेडफोन लावून मी बोलत असताना मागे खरखर झाली. कोंबडी असेल असं वाटलं. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठले आणि माळ्याच्या चौकोनी भोकातून खाली पाय सोडणार, तर पायाखाली काहीच नव्हतं.

मी माइक बंद केला आणि झरोक्यातून सासूबाईंना हाक मारली. त्या अंगणात मिरच्या वाळवत होत्या. वर बघून त्या शांतपणे म्हणाल्या की शेजारच्या भावजींनी शिडी नेली, कौलं चाळायची आहेत त्यांची. मी म्हटलं, आई, मी वर आहे. त्या म्हणाल्या, दिसतेस की. मग गुडघे सांभाळत शिडी आणायला गेल्या.

मोबाइलवरून कुणाला फोन करायची सोय नव्हती. लॅपटॉपला इंटरनेट त्याच मोबाइलमधून मिळत होतं, आणि आमच्याकडच्या रेंजमध्ये फोन लागला की इंटरनेट तुटतं. नवरा प्लॅस्टिकचा कागद आणायला मुरबाडला गेलेला. त्याला निरोप लिहिला. एकच टिक आली आणि तशीच राहिली. एवढ्यात टोकावड्याहून नणंदेचे फोनवर फोन सुरू झाले आणि मी ते मुकाट कापत राहिले.

सासूबाई रिकाम्या हातानं परत आल्या. भावजी कौलांवर चढल्यावर लग्नघरच्यांनी त्यांच्या पायाखालची शिडी भोंगा बांधायला नेली होती, रीतीप्रमाणे न विचारता. आणि भोंगा बांधून झाल्याशिवाय शिडी हलणार नव्हती. मी झरोक्याशेजारचं कौल सरकवून पाहिलं. शेजारच्या छपराच्या कण्यावर भावजी उन्हात बसलेले, डोक्याला टॉवेल.

"भावजी, शिडी दिसतेय का कुठे?"

"समदं गाव दिसतंय, वयनी. शिडी तेवडी दिसत नाय. तुमी जरा बगून या ना."

"मी कशी येऊ? मीही वरच अडकलेय."

भावजींनी टॉवेल सारखा करत खाली नजर टाकली.

"मंग खाली हाय तरी कोन?"

हेडफोनमधून साहेबांनी विचारलं की मॅडम, काही अडचण? मी म्हटलं, नाही सर, सगळं जागच्या जागी आहे. हे शब्दशः खरं होतं.

साहेबांचं म्हणणं, आदल्या रात्रीची प्रत सरळ जुन्या मशीनवर चढवा. मी म्हटलं, थांबा. बिघाड आदल्या संध्याकाळचा असेल तर रात्रीच्या प्रतीतही तोच बिघाड असणार. आधी शेजारी वेगळ्या नावानं उभं करून बघू, जुन्याला हात नको. साहेबांना उशीर पसंत नव्हता, पण ऐकलं. मी रिस्टोअर सुरू केलं.

आता एक गुपित सांगते. रिस्टोअर सुरू केल्यावर माझं काहीच काम नसतं. तिकडे गोदामात ते आपलं आपण होतं. मी उठून ओढ्यावर कपडे धुऊन आले तरी त्याला फरक पडत नाही. मशीनला मी नको असते. माझा चेहरा लागतो तो साहेबांना, आणि तो चेहरा दाखवत मी तापलेल्या कौलांखाली बसून होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून गळत होता. खाली उतरायचे सगळे मार्ग मनात करून पाहिले. खाटेवर खाट ठेवायची, तर खाट एकच. उडी मारायची, तर पाय मोडला असता आणि तो प्लॅस्टरसकट रोज ठाण्याला न्यावा लागला असता. कोंबडी तिच्या टोपलीतून माझ्याकडे बघत होती. ती निदान स्वखुशीनं बसली होती.

मग लॅपटॉपनं इशारा दिला की बॅटरी संपत आली. चार्जर खाली ओटीवर. बॅटरी गेली की चेहरा गेला, आणि चेहरा गेला की ठाणे. मी खाली वाकून कुजबुजले. सासूबाईंनी एक क्षणही न दवडता आंबे उतरवायचा झेला आणला, त्याच्या जाळीत चार्जर ठेवला आणि काठी भोकातून वर सारली. व्हिडिओवर हे दृश्य असं दिसलं की माझ्या पाठीमागच्या पुस्तकांच्या कपाटातून एक जाळी सावकाश वर आली आणि माझ्या कानाजवळ डुलायला लागली.

व्यापाऱ्याचा माणूस ऑर्डरी विसरून बघत राहिला. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, चार्जर. आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं तो जाळीतून काढून घेतला की पुढे कुणाची विचारायची छाती झाली नाही.

त्यानंतर भाकरी आणि सुकट आली, ती मी कॅमेऱ्याच्या खालून चोरून खाल्ली. मग पाण्याची बाटली आली. दुसरी बाटली मी परत पाठवली. का, ते सभ्य माणसानं लिहू नये.

रात्रीची प्रत उभी राहिली आणि अपेक्षेप्रमाणे तीही उघडेना. व्यापाऱ्याच्या माणसानं कपाळाला हात लावला. आता त्याच्याही आदल्या रात्रीची प्रत घ्यायची, म्हणजे पुन्हा तेवढंच थांबणं. साहेब म्हणाले, तोवर सगळ्यांनी जेवून घ्या. दोघांचे चेहरे स्क्रीनवरून गेले. साहेबांनी जाता जाता मलाही उठायला सांगितलं. मी म्हटलं, नको सर, अशा वेळी जागा सोडणं मला बरं वाटत नाही. हे बोलताना माझा आवाज थोडा कापला, त्याचं श्रेय पहिल्या बाटलीला.

सगळे जेवून परतले तेव्हा मी तिथेच, तशीच. कान भाजायला लागले म्हणून हेडफोन काढून ठेवले आणि आवाज लॅपटॉपवर मोठा केला. लग्नघरातून "हॅलो, हॅलो, माइक चेक" ऐकू आलं आणि मला आशा वाटली, पण त्यांचा दुसरा भोंगा बाकी होता.

दुसरी प्रत उभी राहिली. मी आत शिरले, ऑर्डरींचं पान उघडलं, आणि ते उघडलं. ओळीखाली ओळ औषधं. व्यापाऱ्याच्या माणसानं एकेक ऑर्डर तपासली आणि खुर्चीत मागे रेलला. मधल्या एका दिवसाच्या ऑर्डरी यात नव्हत्या, पण त्या दुकानदारांच्या मोबाइलवरच्या निरोपांवरून पुन्हा घालता येतील, असं तोच म्हणाला. मी नवं मशीन जुन्याच्या जागी लावलं. गाड्या सुटल्या.

मग साहेबांनी घसा खाकरला. ते म्हणाले की आपण सगळे उठलो, जेवलो, फिरलो, पण मॅडम सकाळपासून जागच्या हलल्या नाहीत. गावातून काम होत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं. ती अट त्यांनी आजपासून मागे घेतली होती. आणि मग, अगदी मनापासून, त्यांनी विचारलं की एकदाही न उठता एवढं बसवतं तरी कसं तुम्हाला.

मी माइक सुरू केला. हात छातीशी नेला. निष्ठा या विषयावर दोन शब्द बोलावेत म्हणून श्वास घेतला. खाली भोकाशी सासूबाई झेल्यात चहाचा पेला तोलत उभ्या होत्या, आणि साहेबांचा प्रश्न त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांना वाटलं, माणूस विचारतोय तर उत्तर द्यायला हवं.

"अवो सायेब, ती उठून जाईल कुठं? तिची शिडी नेलीय ना लगीनघरच्यांनी!"