देशावर आलेली तानुबाई

तुम्हाला कधी कोणी कमरेवर हात ठेवून विचारलंय, "ए, तू कुठली?" नाही ना? मग 'घुसखोर हाकला' म्हणताना तुमचा आवाज एवढा मोकळा कसा लागतो, ते कळलं. तानुबाईला विचारलं. भर दुपारी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या मळ्यात, हातात कात्री असताना.

तानुबाई सुरगाण्याची, कोकणी आदिवासी. भात-नागली घरात आली की सून संध्याला घेऊन टोळीबरोबर घाट चढायची, थिनिंगला. घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, राहिलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, हे ते काम. मळा दरसाल रंगनाथशेठचाच. पाइपलाइनच्या कडेला तिची चूल ठरलेली. शेठच्या घरी ती नागलीचे पापड आणायची आणि शेठ ते उभ्या उभ्या कच्चेच खायचा. त्या कामावर दोघींचा उन्हाळा निघायचा. घरचं भात तोवर पुरत नाही.

यंदा टीव्हीवर रोज एकच भांडण. बाहेरच्या देशांतून किती लोक आत आले, किती येऊ द्यायचे, आलेल्यांना कसं काढायचं. भांडा की! सरहद्द असते, तिचा कायदा असतो, त्यावर भांडलंच पाहिजे. पण ते भांडण टीव्हीत मावेना, गावात उतरलं. बैठक बसली. बाहेरून आलेल्या मजुरांची तपासणी करायची ठरली. सगळ्यात मोठा आवाज रंगनाथशेठचा. "देश म्हणजे काय एसटी स्टँड हाय का, कुणीबी यावं न् पथारी टाकावी?" टाळ्या पडल्या.

दुसऱ्याच दिवशी गावची चार टगी पोरं एका हवालदाराला पुढे घालून मळ्यात शिरली.

"मावशी, कुठून आली?"

"खालून."

"खालून? पाताळातनं का?"

पोरं हसली. तानुबाईही हसली. तिला वाटलं, गमतीची माणसं आहेत. "घाटाखालून, भाऊ. आमी दरसाल देशावर येतो, कामाला."

"कुठं येता?"

"देशावर."

"ऐकलं का साहेब? देशावर येते म्हणे! मग घर काय देशात नाय तुझं?"

"नाय," तानुबाई म्हणाली. "देशात कसं आसंल? आमी डांगातली."

"डांग? ढाक्याच्या शेजारी का?"

घाटाखालच्या माणसाला हा वरचा काळ्या मातीचा, सपाट मुलूख म्हणजे देश. डोंगर-जंगलाचा आपला तो डांग. तिची आजी असंच बोलायची, आजीची आजीही. झेंडा, सरहद्द, पासपोर्ट यांच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. तानुबाई अगदी खरं बोलली, आणि तिथेच फसली.

"आत्या, गप बसा!" दुसऱ्या ओळीतून संध्या धावत आली. "आहो, ती तसं नाय म्हणत! आधार कार्ड हाय तिचं, खोपीत."

"आधार तर तेबी काढतात," एक पोरगा म्हणाला. त्याला अजून मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, पण देश तपासायला तो तयार होता. "आणि बोली ऐक ना हिची. मराठी वाटते का?"

तानुबाईला चौकीत नेलं. लोखंडी बाकावर बसवलं. बाकाचा गारठा मांड्यांत शिरला, ती सरकली नाही. चहा दिला, त्यावर साय धरली. तिच्या उजव्या हाताची बोटं कात्री धरल्यासारखी उघडत होती, मिटत होती. ती त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची बोटं पाहावीत तशी पाहत होती.

संध्यानं फोन केला, तसा रंगनाथशेठ चौकीत आला. बैठकीत टाळ्या वाजवणारी मंडळी दारातच उभी. हवालदारानं विचारलं, "शेठ, ओळखता ना हिला?"

शेठनं बाकाकडे पाहिलं. मग दाराकडे. "येते खरी दरसाल. पण कुठली, ते मुकादमाला माहीत. आपण कशाला छातीवर हात ठेवून सांगायचं?"

तानुबाईनं चहावरची साय बोटानं बाजूला सारली.

टोळी आणणारा चिमाजी मुकादम दुसऱ्या मळ्यावरून तणतणत आला आणि त्यानं सरळ तिच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आरं ती आमची तानू!" पाटील ओरडला. "तिचा नवरा न् मी एकाच वर्गात नापास झालो! कोण धरतो तिला?" चौकी हसली. हवालदारही माणूस वाईट नव्हता. "जा मावशी. जरा नीट बोलत जा," म्हणाला.

खोपीपाशी शेठ वाट पाहत होता. "तानुबाई, तुझं काय नाय गं. ते बॉर्डरवाल्यांचं होतं. पण यंदा तू राहू दे. गाव बोलतं. संध्याला ठेवतो टोळीत."

"बरं," तानुबाई म्हणाली.

संध्या भडकली. "शेठ, एक वाक्य बोलायचं होतं तुमी. एक!"

"पोरी, मला गावात राहायचंय."

"न् आमाला कुठं राहायचंय?"

शेठ घराकडे वळला. तानुबाईनं लुगडी पिशवीत भरली. संध्याला रडू फुटलं, तिला नाही. आसपासच्या दोन मळ्यांवर ती जाऊन आली, पण 'चौकीत नेलेली बाई' ही ओळख तिच्या आधीच पोहोचली होती.

आता ती नाशकात असते. सकाळी द्वारकेला, म्हणजे तिथल्या द्वारका चौकात, पुलाखाली, कामाला उभ्या राहणाऱ्या बायकांत. ठेकेदार येतो, विचारतो, "बोल गं, विटा उचलशील?" ती तोंड उघडत नाही. तिच्या शेजारच्या बाया गाडीत चढतात. ठेकेदारांना वाटतं, मुकी आहे. मळ्यावर राहिलेली संध्या फोन करते, "आत्या, जेवल्या का? बोला ना." तिकडून नुसतं "हं."

द्राक्षांचं थिनिंग अजून संपलेलं नाही. तुमचा मळा असेल, हात कमी पडत असतील, तर सकाळी द्वारकेला या. ती स्वतःहून पुढे येणार नाही. तुम्हीच गाडीतून खाली उतरा, नावानं हाक मारा, आणि तिला कामाला घेऊन जा.