गप्प बसलेला ओ
नौपाड्यातल्या रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी मला माझे आईबाप परत दिले. स्पिरिटचा वास आला की त्याच आठवतात. बाबांच्या ऑपरेशनसाठी दोघं गावाहून आलेले. रक्त तपासलं तर बाबांचं ए, आईचं बी आणि माझं ओ. कोपरला माझ्यासोबत खोलीवर राहणारा मित्र हसला, “ए-बीच्या घरात ओ कुठून रे? तुला जुन्या साड्यांवर बोहारणीकडून घेतलाय.” लहानपणी आईही चिडवताना हेच म्हणायची, म्हणून ते डोक्यातून जाईना. आठवीत शाळा सुटलेली, कळत काही नव्हतं आणि आईला विचारवत नव्हतं. जेवताना तिचं नाक, बाबांचे कान निरखत बसायचो. रक्त द्यायला गेलेलो तेव्हा शेवटी बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, “अरे, प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन गुण मिळतात. ए किंवा बी सोबत असला की ओ गप्प बसतो. तुझ्या आईबाबांकडे तो तसाच बसलेला असणार, दोघांनीही तुला तोच दिला.” “म्हणजे मी त्यांचाच?” “रक्त तरी नाही म्हणत नाही. आणि दाराशी तुझ्यासाठी सरबत घेऊन उभी आहे, ती कोण मग?” बाबा आता बरे आहेत. बाईंच्या माणसांना कधी रक्त लागलं, तर पहिला हात मी पुढे करीन.