आजाचं अक्षर

पोरीला शिकवायचं पुस्तक निवडायला मी गेलो. दुसरी नापास माणूस. जिनं निवडायचं ती माघात गेली. बायको माझी चौथी शिकलेली, आमच्या वस्तीत ती म्हणजे कलेक्टरच.

पाली गावाच्या वरच्या अंगाला आमची आठ घरं. शाळा होती, पोरं कमी म्हणून बंद केली. खालची शाळा ओढ्यापलीकडं, आणि पावसाळ्यात ओढा कुणाचं ऐकत नाही. पोरगा आणि सून हायवेच्या कंपनीत, दोघांच्या पाळ्या, किकवीत एक खोली. म्हणून नात आमच्यापाशी वाढली. तिला म्हातारीनंच शिकवलं. शेरडं कोंडली की उंबऱ्यात बसायची, ताटात राख पसरायची आणि पोरीचं बोट धरून गिरवून घ्यायची. शेजारी तिची स्वतःची लहानपणची अंकलिपी, कोपरे उंदरांनी खाल्लेली.

दहाव्याला तिची लुगडी नदीत सोडायची म्हणून मी गाठोडं बांधलं, त्यातच ती अंकलिपी गेली. दुःखात भान राहिलं नाही, असं लोक म्हणतात. खोटं आहे. मी रागात होतो. तिचं म्हणून जे दिसलं ते बांधलं. आठ दिवस ताप अंगावर काढला तिनं. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, "शेरडं कोण बगंल?" शेरडं आहेत. ती नाही.

चैत्रात पोरानं नातीला किकवीच्या बाजूच्या एका शाळेत दाखवायला नेलं. मीही गेलो. बाईंनी तिला आत घेतलं, मी पायरीवर बसलो. तंबाखू मळून होईस्तोवर पोरगी बाहेर.

"आठ वर्षांची आहे, पण वाचता येत नाही हिला," बाई म्हणाल्या. "मधेच काहीतरी भलतंच बोलते. पहिलीत बसवावी लागेल."

सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीन वर्सं आत्याबाई शिकवत व्हत्या. काय शिकवलं मग?"

ते मला लागलं. पहिलीतल्या शेंबड्या पोरांत आठ वर्षांची नात बसली असती, ते एक. पण म्हातारीची तीन वर्षं राखेतच गेली असं ठरलं असतं. मी बाईंना म्हटलं, "जूनला आणतो परत. वाचलं तर तिसरीत बसवायची."

"आणा की बाबा. पुस्तक तेवढं चांगलं घ्या."

म्हणून दोन गाड्या बदलून पोरीला घेऊन भोरला गेलो. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं आणि एक चकचकीत पुस्तक पुढं टाकलं. "आता फोनिक्स चालतं बाबा. अक्षराचं नाव नाही शिकवायचं, आवाज शिकवायचा. ब, ब, बॉल."

"एवढं तर आमची शेळीबी बोलती."

त्यानं दुसरं काढलं. त्यातल्या चौकोनावर मोबाईल धरला की पुस्तकच वाचून दाखवतं म्हणे. म्हटलं, "पुस्तकच वाचणार, मग पोरीनं काय त्याचं तोंड बघत बसायचं? आणि रेंजसाठी आमाला टेकडी चढावी लागती." तिसरं मराठी होतं, जाडजूड. उघडलं तर गिटारचं चित्र. गिटार. आमच्या वस्तीत कुणाच्या बापानं वाजवली होती? ही पुस्तकं करणारे कुणासाठी करतात, एकदा समोर बसवून विचारलं पाहिजे.

शेवटी तळातनं एक पातळ अंकलिपी निघाली. मोठी अक्षरं, कमळ, खटारा, गवत, घर. शेळी घेताना नुसती पाठ चाचपून कुणी घेत नाही, दहा पावलं चालवून बघतात. मी पोरीला म्हटलं, "वाच. चालतंय का बघू."

"कमळ," ती म्हणाली. "खटारा." मग बोट पुढं गेलं. "आजाचंवत."

दुकानदार हसला. वह्या घेत एक बाई उभी होती, तीही हसली.

"नीट वाच."

"आजाचंवत."

"भवाने, चारचौघांत चाळे करतीस व्हय?" मी गल्ल्यावर हात आपटला. आवाज रस्त्यावर गेला असेल.

पोरगी हटली नाही. त्या ग वर बोट ठेवून म्हणाली, "आजीनं असंच शिकवलंय. हितं बोट आलं की ती म्हणायची, हे तुज्या आजाचं, फुडं चल."

दुकानदार हसतच होता. त्याला काय कळणार. माझं नाव त्याच अक्षरानं सुरू होतं.

अख्ख्या संसारात तिनं माझं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. मान खाली घालून, अर्धं वाजंत्र्यात गेलं. पुढं "अवो", आणि पोरगा झाल्यावर "ह्याचा बाप". गूळ, गवत बोलताना तिचं काही अडत नव्हतं. पण उंबऱ्यात बसून ते एकटं अक्षर मोठ्यानं म्हणायचं, तेही दहादा, म्हणजे नवऱ्याला नावानं हाका मारल्यासारखंच. मी तिथंच पाच हातांवर दावी वळत बसलेला असायचो. तीन वर्षं. एकदाही कान दिला नाही.

आणि त्या शाळेतल्या बाई. "आजाचं म्हणजे काय गं?" एवढं विचारायला काय पगार कापत होते?

अंकलिपी घेतली. घरी आल्यावर ताटात राख पसरली आणि ते अक्षर काढलं. माझं वाकडंच येतं.

"म्हण."

"आजी म्हणली, आजाचं नाव घ्यायचं न्हाई."

"ते बायकोनं घ्यायचं न्हाई. नातीला चालतं."

"मग तू म्हण आदी."

म्हटलं. तीही म्हणाली. मग पुढची अक्षरं काढली आणि अख्खं नाव तिच्याकडनं वाचून घेतलं. शेरडांकडं बघत बसलो होतो, तोंड तिकडंच ठेवलं.

जूनमध्ये बाईंनी धडा पुढं केला. पोरीनं पान वाचलं, ग सकट, कुठं न अडता. बाई म्हणाल्या, "बसू दे तिसरीत. दोन महिन्यांत एवढं? कुठला क्लास लावला होता, बाबा?"

"हिच्या आजीचा," मी म्हटलं. "तवाबी येत व्हतं हिला. तुमी इचारलं न्हाई."

पोरानं माझं कोपर ओढलं. सुनेनं पदर सारखा केला. आत्याबाईंचं नाव तिनं काढलं नाही.

पोरगी आता किकवीत. रविवारी मी रेंजसाठी टेकडी चढतो, ती मोबाईलवर धडा वाचून दाखवते. स्पष्ट वाचते. गाव, गाडी, गणित. प्रत्येक ग ला मी कान देऊन असतो, एखाद्या वेळी तरी चुकून आजाचं म्हणेल. म्हणत नाही. ते मीच घासून घासून काढलंय.